रिपोर्टात पायरी कुठंय?

संक्रांत झाली की तामशाला बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत बसते. आमच्या हदगाव तालुक्यातल्या माणसाला त्या भाजीची चव निराळी सांगावी लागत नाही. शेतात, परड्यात जे जे पिकलं ते सगळं एका कढईत पडतं आणि त्याची एकच भाजी होते. आई कित्येक वर्षं न चुकता जाते. यंदाही निघाली. हदगावच्या बसस्टँडवर एसटी लागली, आईनं दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि परत खाली घेतला.

"गर्दी लय आहे. पुढच्या गाडीनं जाऊ," म्हणाली.

गाडी अर्धी रिकामी होती. पुढच्या गाडीनंही आम्ही गेलो नाही. मावशी माझ्याकडं बघत होती, मी आईच्या पायांकडं. तिघंही रिक्षा करून घरी आलो.

मी नांदेडला एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिनं तालुक्यात ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली. लसीकरण, बाळंतपणं, पावसाळ्यात पैनगंगेच्या काठची गावं चिखल तुडवत पालथी घालणं, सगळं करून ती निवृत्त झाली. आम्हा दोघांचा आईवर सारखाच जीव. पण माणसाच्या तब्येतीकडं बघायची आमची नजर अगदी वेगळी. त्या संध्याकाळी ओसरीवर जे भांडण सुरू झालं, ते पुढं कित्येक दिवस चाललं.

मी मोबाइल काढला. "हे बघ मावशी, डिसेंबरातच आईच्या सगळ्या तपासण्या केल्यात. साखर आटोक्यात, थायरॉइड ठीक, लिव्हर ठीक, क्रिएटिनिन ०.७. घाबरायचं काही नाही."

मावशीनं चष्मा सारखा केला, बोटानं रिपोर्ट वरपासून खालपर्यंत सरकवला.

"किती तपासण्या आहेत ह्या?"

"चौसष्ट."

"मंग ह्याच्यात पायरी कुठंय?"

मला उत्तर सुचलं नाही. तिनं आतून बिनहाताची खुर्ची आणली, भिंतीला टेकवून ठेवली. "अक्का, इथं बस. हात छातीवर आडवे धर. आता उठायचं, बसायचं, पाच बार. हाताचा आधार घ्यायचा नाही. मी बाजूला उभीच आहे." मला म्हणाली, "तू घड्याळ लाव."

तिसऱ्या वेळी आईचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. मावशीनं तो उचलून परत छातीवर ठेवला. पाचव्यांदा आई उभी राहिली तेव्हा घड्याळात १९ सेकंद झाले होते आणि तिला धाप लागली होती.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्याच्यात? बाई जमिनीवरून कशी उठते ते बघितलं की कळतं ती किती दिवस आपल्या पायावर राहील. खुर्चीचं मला नंतर एका प्रशिक्षणात सांगितलं. आता आशाताईच्या सीबॅक फॉर्मवरसुद्धा साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? रोजच्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो का? अक्काला कुणी विचारलं?"

तिला ठाऊक नव्हतं, पण या उठबशीला शास्त्राचा मोठा आधार आहे. जॅक गुरालनिक या अमेरिकी संशोधकानं १९९४ साली तीन साध्या गोष्टींची कसोटी मांडली: तोल, चार पावलांची चाल आणि खुर्चीतून पाच वेळा उठणं. पुढच्याच वर्षी दाखवून दिलं, की आज धडधाकट दिसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी पुढं कोण परावलंबी होईल याचा अंदाज या कसोटीवरून बांधता येतो. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये पाच उठबशांसाठी १२ सेकंदांची रेघ आखली. आई त्या रेघेच्या सात सेकंद पलीकडं होती.

पण मी सहज हार मानणारा नव्हतो. माझं आयुष्य नळ्या आणि मशिनांत गेलंय.

"मावशी, गुडघा बोलायला लागतो तेव्हा निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. रक्त त्याच्या आधी बोलतं."

"काय बोलतं?"

मग मी तिला इंटरल्युकिन-६ समजावून सांगितलं. जखम झाली, जंतू शिरला की शरीर आग पेटवतं, काम झालं की विझवतं. म्हातारपणी ती आग पुरती विझत नाही. राखेखाली विस्तव राहावा तशी धुमसत राहते. इटलीच्या क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली या धुमसण्याला नावच दिलं. इंटरल्युकिन-६ हा त्या विस्तवाचा धूर. तो रक्तात वाढला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवतं, अल्ब्युमिन कमी बनवतं. यकृतातूनच हेप्सिडिन सुटतं आणि शरीरातलं लोह कुलपात बंद करतं. लोह असूनही रक्त बनत नाही. स्नायू झिजतो, भूक मरते.

"१९९९ मध्ये लुइजी फेरुच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या चालत्याफिरत्या म्हाताऱ्यांचं रक्त तपासून चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचं इंटरल्युकिन-६ सगळ्यात जास्त होतं त्यांची चाल जायचं प्रमाण सगळ्यात कमीवाल्यांच्या पावणेदोनपट निघालं. तेव्हा हे लोक चालतच होते, मावशी!"

मावशीनं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. ती ऐकते. नुसती विरोध करायला बसलेली बाई नाही ती.

"बरं. अक्काचं ते काय सहा, ते वाढलेलं निघालं. मंग औषध काय देणार?"

"तसं थेट औषध..."

"नाही ना?"

खरंच नाही. आग कमी करून चाल सुधारेल या आशेनं म्हाताऱ्यांना ब्लडप्रेशरची लोसार्टन आणि माशाचं तेल देऊन बघितलं गेलं. २०१९ मध्ये त्या छोट्या चाचणीचा निकाल आला. इंटरल्युकिन-६सुद्धा कमी झालं नाही, चालही सुधारली नाही. मी हे मावशीला सांगितलं. लपवून ठेवणं मला पटेना.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "अक्काच्या दातात पू आहे. जन्मभर चुलीच्या धुरात बसली. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ होती. तुझा तो विस्तव कशाचा हे रक्त सांगल का?"

सांगणार नाही. इंटरल्युकिन-६ किंवा सीआरपी वाढल्याचं कळतं, कशानं वाढलं ते कळत नाही. हजारो माणसांच्या गर्दीत हा आकडा कामाचा आहे. एकट्या आईच्या बाबतीत तो फार काही सांगू शकत नाही. हा भेद आमच्या धंद्यात कुणी गिऱ्हाइकाला समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

गर्दीवरून मी तिला लासी सर्वेक्षणाचं सांगितलं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. २०१७-१८ मध्ये तिनं देशभरातले पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची घरोघर जाऊन पाहणी केली. बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर वाळवले. सीआरपी, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची साखर मोजण्यासाठी ते कागद जपून ठेवले. त्याच माणसांच्या हाताची पकड मोजली, म्हाताऱ्यांना ठरलेलं अंतर चालायला लावलं. रक्त आणि चाल एकाच माणसाची, एकाच दारात. आपल्या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे प्रथमच झालं.

"म्हणजे त्यांनीसुद्धा चालायला लावलंच की," मावशी म्हणाली.

"रक्तही घेतलंच की."

आई आतून ओरडली, "अरे, जेवायला चला आता!"

जेवताना विषय वयावर गेला. आधारवर आईची जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे, आमच्या भागातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची असते तशी. ती स्वतः सांगते, "पोलीस ॲक्शनच्या साली मी पाळण्यात होते." म्हणजे १९४८. कागदावरचं वय घ्या की पाळण्यातलं, पंचाहत्तरी दोन्हीकडून उलटलीय. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढं एसटीचा प्रवास फुकट आहे. पायरी मात्र तेवढीच उंच राहिली.

"वयानं काही होत नाही," मावशी म्हणाली. "तिच्याच वयाची शेजारची म्हातारी हळदीच्या रानात वाकून काम करते. आपण म्हणतो, अमकी थकली. थकणं वेगळं आणि वय वेगळं."

मला हा शब्द फार नेमका वाटतो. डॉक्टरी पुस्तकात ज्याला फ्रेल्टी म्हणतात त्याला आपल्याकडं कधीपासून "थकली" म्हणतात. लिंडा फ्रीड यांनी २००१ साली त्याची पाच लक्षणं ठरवली. वजन आपोआप उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन जमली की माणूस थकलाय असं धरायचं, एक-दोन असतील तर वाटेवर आहे. वाटेवरून परत फिरता येतं ही त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. आपण "थकली" म्हणतो आणि विषय संपवतो. तिथून तो सुरू व्हायला पाहिजे.

"वजन उतरलंय का तिचं?" मी विचारलं. "डिसेंबरात ४१ किलो होतं. आधीचं कुणाला माहीत?"

मावशीनं आईचा हात धरून वर केला. हिरव्या बांगड्या सळसळत कोपरापर्यंत गेल्या.

"मागच्या दिवाळीत मी भरल्यात ह्या. तेव्हा साबण लावून चढवाव्या लागल्या होत्या."

त्या क्षणी माझ्या डोक्यात रिपोर्टातला एक आकडा उलटा झाला. क्रिएटिनिन ०.७. मी त्याला किडनी उत्तम असं समजून बसलो होतो. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायूच उरला नसेल तर किडनी थोडी दमलेली असतानाही आकडा छान दिसतो. अशा माणसात सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी जास्त खरं सांगते, कारण ती स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. आईच्या रिपोर्टाशी मात्र मी ते जोडलं नव्हतं. बांगड्यांनी ते जोडून दिलं.

मी हे बोलून दाखवल्यावर मावशीला जिंकल्यासारखं वाटलं असावं. म्हणाली, "तिला लोह-फॉलिकच्या गोळ्या चालू करते उद्यापासून. रक्त १०.१ आहे तिचं. म्हातारपणी एवढं कमी राहतंच, पण जरा ताकद येईल."

"थांब," मी म्हणालो. एवढ्या जोरात, की आईनं भाकरी थापायची थांबवली.

"म्हातारपणी रक्त कमी राहतं हे खरं नाही, मावशी. बायकांना १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मापात म्हाताऱ्यांना वेगळी सूट नाही. रक्त कमी आहे तर त्याला कारण आहे."

जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त मशिनात गेलं की हिमोग्लोबिनसोबत आणखी बरेच आकडे निघतात. त्यातला एक एमसीव्ही, लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० असावा. आईचा १०४ होता. त्यापुढं मशिनानं खूण केली होती. ती खूण मी डिसेंबरात पाहिली होती आणि वय झालंय म्हणून पुढं सरकवली होती. स्वतःच्या आईचा रिपोर्ट. हे लिहितानाही मला त्रास होतो.

लोह कमी पडलं की पेशी लहान होते. आईची मोठी झाली होती. मोठी पेशी म्हटलं की आधी बी-१२ आठवायचं. मी आईला विचारलं, "पायाला मुंग्या येतात?"

"येतात की. वर्ष झालं."

"चप्पल निसटलेली कळते?"

आई हसली. "कुठली कळते! परवा देवळापासून घरापर्यंत एकाच पायात चप्पल. शेजारणीनं सांगितलं."

मावशीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ही गोष्ट तिनंही ऐकली होती आणि विसरभोळेपणावर घातली होती. आई माळकरी, अंड्याला न शिवणारी. साखरेसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन, पित्तासाठी रोज सकाळी गोळी. या तिन्ही गोष्टी बी-१२ घटवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं बी-१२ च्या मागं लागलेत. आपल्या माणसांत ते कमी असणं किती सर्रास आहे हे त्यांच्या कामातून लख्ख दिसलं. ते कमी पडलं की मज्जारज्जूतल्या, पाय कुठं आहे हे मेंदूला सांगणाऱ्या तारा झिजतात. पाय एसटीच्या पायरीवर नीट बसला की नाही हे आईला कळतच नव्हतं. म्हणून तिनं तो खाली घेतला. गर्दीचं तिनं आम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असेल.

"आणि तुझी गोळी," मी मावशीला म्हणालो. "त्यातल्या फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसलं असतं आणि तारा आतून झिजतच राहिल्या असत्या."

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अशा किती म्हाताऱ्यांना मी गोळ्या देऊन घरी पाठवलं असेल रे?"

दुसऱ्या दिवशी बी-१२ तपासलं. १२८ निघालं. खालची मर्यादा साधारण २०० धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला, किडनीचीही नीट तपासणी करायला सांगितली.

याच काळात गल्लीतल्या कुणीतरी आईला सुचवलं, ड जीवनसत्त्वाचं सहा लाखांचं एक इंजेक्शन मारून घ्या, हाडं पोलादी होतील. या वेळी मावशी आणि मी एका बाजूला होतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांच्या चाचणीत निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट एकदम पाजलं होतं. २०१० मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्या बायका १५ टक्के जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली. रक्तातला आकडा वर चढला आणि बाई खाली पडली. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील त्या छोट्या मात्रेत ड घ्यावंच. एका दणक्यात आकडा गाठायची घाई मात्र अंगाशी येते.

इंजेक्शनांच्या जोडीला मावशीनं खुर्ची लावली. सकाळ-संध्याकाळ उठबशा, भिंत धरून टाचा उचलणं, अंगणात फेऱ्या. ती म्हणते तशी ही घरगुती गोष्ट असली, तरी तिच्यामागं मोठा पुरावा आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली, २०१४ मध्ये ती छापून आली. नुसते आरोग्याचे धडे ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची चाल गेली. ठरवून व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के. इंटरल्युकिन-६ दाबून ही मजल अजून कुणाला गाठता आलेली नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये तर सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली आणि त्यांच्या पायांचं बळ दुपटीहून जास्त वाढलं होतं.

खाण्याचं मात्र अवघड गेलं. आईचं जेवण म्हणजे चहात बुडवलेली भाकरी आणि वरणाचं पाणी. दात धड नाहीत, आणि एकादशी-चतुर्थी सुटत नाही. मोडाची मटकी वाटून, शेंगदाण्याचं कूट घालून, ताक-दूध वाढवून थोडं थोडं पोटात जाऊ लागलं. उपास सोडवायला मावशीला दोन महिने लागले. अजून एक एकादशी शिल्लक आहेच.

आमचं भांडण मिटलेलं नाही. माझी अजून खात्री आहे, की रक्तातल्या खुणांचा नीट गुच्छ बांधला तर एक दिवस थकण्याच्या कितीतरी आधी धोका कळेल. जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन, मज्जातंतू झिजताना रक्तात उतरणारं न्यूरोफिलामेंट, यांवर आज जगभर काम चाललंय. मावशी म्हणते, "कळेल तेव्हा कळू दे. तोवर म्हाताऱ्यांना विकू नका." यातलं दुसरं वाक्य मला मान्य आहे. ज्याचा उपाय हातात नाही, ते मोजून गरिबाकडून पैसे घेणं बरोबर नाही. आणि ज्याचा उपाय आहे, ते मोजून झाल्यावर खुणेकडं न बघणं त्याहून वाईट. मी ते केलंय.

प्रयोगशाळेत रक्त द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आता मी एक बिनहाताची खुर्ची ठेवलीय. उठताना कुणाचा हात गुडघ्याकडं जातो ते बघतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो, डॉक्टरांना हेही सांगा.

आज आईला पाच उठबशांना १४ सेकंद लागतात. मुंग्या कमी झाल्यात, गेल्या नाहीत. तारांना वेळ लागतो आणि काही तारा परत येत नाहीत. एसटीत चढताना मागं मी असतो, हात न लावता.

तुमच्या घरी कुणी "थकलं" असेल तर खुर्ची भिंतीला टेकवा, स्वतः शेजारी उभे राहा आणि पाच उठबशांचे सेकंद मोजा. बारा किंवा त्याहून जास्त लागले, हातातल्या बांगड्या नाहीतर कमरेचा पट्टा सैल झाला असेल, पायातली चप्पल निसटलेली कळत नसेल, तर दवाखान्यात न्या. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, साधी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनच्या खालची एमसीव्हीची ओळही डॉक्टरांना वाचून दाखवा.